लाइनवर आणखी कोण आहे

लेंपी मुम्मूने राउटरला टोपी घातली होती. कॉफीच्या किटलीसाठी विणलेली, लाल-पांढरी, वर गोंडा. मी कारण विचारलं.

"सारखं डोळे मिचकावतंय," ती म्हणाली. "कुणी बघत असलं की मला घास जात नाही."

यंत्र तापेल असं सांगून मी टोपी काढली. पुढच्या वेळी गेले तर टोपी परत जागेवर. ती मागे सरकवलेली, एक दिवा तेवढा उघडा ठेवलेला. मुम्मूची तडजोड ती एवढीच.

मुम्मू म्हणजे फिनिश भाषेत आजी. कोइवुला या आमच्या गावात तिला सगळेच मुम्मू म्हणतात. माझी ती कुणी लागत नाही. साहित्याची पदवी घेऊन मी गावी परत आले आणि वाचनालयात लागले. पुस्तकं देण्याचं काम थोडं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन इंटरनेट लावून द्यायचं काम जास्त. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. वाचनालयाने एक माहितीपत्रक दिलं होतं, ते वाचलं होतं. मुम्मूने पहिल्याच भेटीत माझी परीक्षा घेतली.

"इतकी वर्षं गोष्टी वाचल्यास आणि आता वायरी लावत फिरतेस. बापाला सांगितलंयस का?"

इंटरनेट तिला नकोच होतं. ते हवं होतं गेलला. गेल तिची एकुलती एक मुलगी, मिनियापोलिसला असते. उन्हाळ्यात ती येऊन राहिली आणि जाताना अट घालून गेली. दर रविवारी व्हिडिओवर बोलायचं. आई नीट दिसली, नीट बोलली, तर हिवाळा आपल्या घरात काढील. नाही जमलं तर नाताळच्या आत मिनियापोलिसला, म्हाताऱ्यांच्या निवासात. खोली बघून ठेवलेली होती.

"खिडकीतून काय दिसतं ठाऊक आहे?" मुम्मूने मला विचारलं. "मोटारी. उभ्या केलेल्या."

तिच्या खिडकीतून बर्चची झाडं दिसतात. त्यापुढे अंगणात सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, आणि सौनाचं धुराडं. घर आणि सौना दोन्ही तिच्या नवऱ्याने बांधली. आर्वो तांब्याच्या खाणीत होता. खाण बंद पडली, मग आर्वो गेला. मुम्मूने शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवायला घालत उरलेली नोकरी केली. दुसरीकडे जायचा विषय तिने कधी काढला नव्हता. आता तो दुसऱ्यांनी काढला होता.

कंपनीचा माणूस येऊन तार जोडून गेला. पुढचं मी केलं. एक डबी भिंतीतल्या तारेला जोडली, दुसरी डबी पहिलीला. मुम्मू खुर्ची ओढून माझ्या हातांकडे बघत बसली.

"तार तीच आहे?" तिने विचारलं.

"तीच. टेलिफोनची."

"मग माणसंही तीच असतील."

मी माहितीपत्रकातलं बोलत गेले. तारेतून जे येतं ते हा मोडेम समजून घेतो. हा राउटर ते घरभर वाटतो, तारेशिवाय. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो एक नंबर देतो. ज्याच्या नावचं असेल ते त्याच्याकडे जातं.

"आणि ज्याच्या नावचं नाही, तो कान लावत नाही?"

"पासवर्ड असतो, मुम्मू."

"आमच्या वेळी घंटा असायची," ती म्हणाली.

त्या दिवशी मला तिची खरी नोकरी कळली. सतराव्या वर्षी ती गावच्या टेलिफोनच्या फळीवर बसली. पोस्टाच्या मागची खोली, कानाला यंत्र, समोर भोकांची फळी, हातात दोऱ्या. कुणाला कुणाशी बोलायचं असेल ते तिला सांगायचं. ती दोरी भोकात खुपसून जोडून द्यायची. आपला आपण नंबर फिरवायचे फोन येईपर्यंत तिने हेच केलं.

गावात तारा कमी आणि घरं जास्त. एका तारेवर दहा-बारा घरं. म्हणून प्रत्येक घराची घंटा वेगळी. मुम्मूच्या घरची तीन आखूड. शेजारी ओन्नीच्या घरची दोन लांब, एक आखूड. घंटा सगळ्यांकडे वाजायची. उचलायची ज्याची त्याने. पण उचलायचे सगळेच.

"कळायचं कसं?" मी विचारलं.

"आवाज बारीक व्हायचा. तारेत जोर असून असून किती असणार? जितके कान, तितक्या वाटण्या. चारपाच जणांनी उचललं की बोलणारा विहिरीतून बोलतोय असं वाटायचं." तिने राउटरकडे बोट दाखवलं. "आवाज बारीक झाला की समजायचं, लाइनवर आणखी कुणीतरी आहे."

ऐकायची तीही. फळीवर बसणाऱ्या बाईला लाइनवर यावंच लागायचं, बोलणं चालू आहे की संपलं ते बघायला. पण तिचा एक नेम होता. लाइनवर आली की आधी सांगायची, मी आहे. लोक बोलणं थांबवायचे, ती निघून जायची, मग पुन्हा सुरू. न सांगता ऐकणं आणि कुणाच्या खिडकीखाली उभं राहणं यात तिच्या लेखी फरक नव्हता.

पासवर्ड तिने ठरवला. तीन आखूड, मध्ये जागा न सोडता. मी म्हटलं, हा कुणीही ओळखील.

"ओळखणारे सगळे चर्चमागे झोपलेत," ती म्हणाली. "एक ओन्नी सोडून."

ओन्नी हाताप्पा तिच्या कुंपणापलीकडे राहतो. बायको गेलेली, मुलं लांब. त्याचं आणि मुम्मूचं एक ठरलेलं होतं, कधी न बोलता ठरलेलं. शनिवारी मुम्मू सौना पेटवायची. धूर दिसला की ओन्नी टॉवेल घेऊन यायचा. आमंत्रण नाही, निरोप नाही. आधी बायका वाफ घ्यायच्या, मग ओन्नी, मग तिघंचौघं जे असतील ते स्वयंपाकघरात कॉफी आणि निसू घ्यायला. निसू म्हणजे वेलदोड्याचा गोड पाव. त्याच्या बदल्यात, बदल्यात असंही कुणी म्हणत नव्हतं, हिवाळाभर ओन्नी ट्रकच्या नांगराने तिच्या दारापर्यंतचा बर्फ काढायचा.

ओन्नीने स्वतःकडे इंटरनेट घेतलं नव्हतं. पण रविवारी फुटबॉलची मॅच त्याच्या टीव्हीवर दिसेनाशी झाली होती आणि नातीने दिलेल्या फोनवर दिसू शकत होती. त्याची शेड मुम्मूच्या लाकडाच्या खोपीला लागून आहे. शेडमध्ये स्टूल टाकून बसलं की मुम्मूचं इंटरनेट मिळतं, हा शोध त्याने आपला आपण लावला. पासवर्डही त्याने आधी भरून पाहिला आणि मग मुम्मूला विचारलं, चालेल का. मुम्मूने हो म्हटलं.

पहिले रविवार चांगले गेले. चर्चहून आल्यावर मुम्मू निळा स्वेटर घालायची, केस नीट करायची, टेबलावरच्या टॅब्लेटसमोर बसायची. काठी चुलीमागे लपवायची. कॉल संपेपर्यंत खुर्चीवरून उठायची नाही. मी बाजूला बसायचे, यंत्र अडलं तर हात लावायला. गेल विचारायची, औषध घेतलंस का, जेवलीस का. मुम्मू सगळ्याला हो म्हणायची. दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या आणि दोघींचाही एकमेकींवर विश्वास नाही हे मला बाजूने दिसायचं.

ऑक्टोबरमध्ये मुम्मूचा वाढदिवस झाला. गेलने फोटोंची चौकट पाठवली. विजेवर चालणारी, इंटरनेटला जोडायची, नातवंडांचे फोटो आपोआप बदलत राहतात. मी ती चुलीसमोरच्या फळीवर ठेवली. तिथेच ठेव, असं गेलने मला कळवलं होतं. मुम्मूला ती आवडली नाही. फोटोने एका जागी गप्प बसावं, असं तिचं मत. ती चौकटीकडे पाठ करून जेवायची.

त्याच सुमारास फुटबॉलचा हंगाम रंगात आला. आणि आवाज बारीक झाला.

गेल बोलता बोलता थांबायची, तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. मग तिचे तीन शब्द एकदम यायचे. तिकडे मुम्मूचीही तीच गत असणार. "आई, तू दिसत नाहीयेस. आई, ऐकू येतंय का?" मुम्मू टॅब्लेटच्या जवळ जाऊन मोठ्याने बोलायची. मग कॉल तुटायचा.

मुम्मू माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "कुणीतरी उचललंय."

मी तिला सांगितलं, आता तसं नसतं. हे वेगळं आहे. पण काय वेगळं, ते मला नीट सांगता येईना. मंगळवारी जाऊन मी तार तपासली, डब्या बंद करून चालू केल्या, वाचनालयाशी व्हिडिओ कॉल लावून पाहिला. सगळं स्वच्छ. गुरुवारीही. रविवार आला की पुन्हा तेच.

"रविवारी कोण असतं?" मुम्मू म्हणाली. तिने खिडकीतून शेडकडे पाहिलं.

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू. मॅच बघायला खूप इंटरनेट लागतं, एवढं मला माहीत होतं. मी तसं म्हटलंही. पण मुम्मूला मॅचशी देणंघेणं नव्हतं. तिला वाटत होतं, तो ऐकतो. मागे सौनातून बाहेर येताना ओन्नीने विचारलं होतं, लेंपी, तू गेलीस तर या सौनाचं काय करशील? तेव्हा तिने हसण्यावारी नेलं होतं. आता ते वाक्य तिने बाहेर काढलं आणि सगळ्या बाजूंनी उलटंपालटं करून पाहिलं.

"मी जाणार की राहणार, ते त्याला आधी कळायला हवंय," ती म्हणाली.

तिने माझ्याकडून पासवर्ड बदलून घेतला. नवा पासवर्ड म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं, कुणालाच न ओळखता येणारी. पुढच्या शनिवारी ओन्नी टॉवेल घेऊन आला तेव्हा तिने त्याला दारातच उभं केलं. मी आत भांडी पुसत होते. तिने त्याला विचारलं, रविवारी तू माझ्या लाइनवर असतोस की नाही. तो म्हणाला, असतो, तूच हो म्हणालीस. ती म्हणाली, मॅच बघायला हो म्हणाले होते, माझ्या लेकीचं बोलणं ऐकायला नाही.

ओन्नीने टॉवेल काखेतून काढून हातात घेतला. मग म्हणाला, "मला म्हणतेस? मला?"

मुम्मू दारातून हलली नाही.

"वेइकोच्या दिवशी फळीवर तू होतीस, लेंपी."

तो वळून गेला. सौना तापलेली होती. त्या दिवशी कुणीच आत गेलं नाही.

वेइको कोण, ते मुम्मूने मला आपणहून सांगितलं. कॉफी ओतली, प्यायली नाही. वेइको हा ओन्नीचा धाकटा भाऊ. खाणीत छत कोसळलं तेव्हा तो आत होता. खाणीच्या ऑफिसातून फोन आला आणि मुम्मूने ओन्नीच्या घरची घंटा वाजवली. दोन लांब, एक आखूड. त्या वेळी खाणीतून त्या घरी फोन म्हणजे काय, हे तारेवरच्या प्रत्येक घराला कळलं. सगळ्यांनी उचललं. ओन्नीच्या आईला काही ऐकूच येईना. ती विचारत राहिली, काय झालं, कोणाला झालं. खाणीचा माणूस सांगत राहिला. एक शब्द त्याला पुन्हा पुन्हा म्हणावा लागला, ओरडून. तो शब्द आईला ऐकू यायच्या आधी सगळ्या गावाने ऐकला.

"मग मी लाइनवर आले," मुम्मू म्हणाली. "म्हटलं, मी लेंपी, मी आहे. खाली ठेवा. एकेकाने खाली ठेवा. घराघराचं नाव घेऊन म्हटलं. खट, खट, खट असं ऐकू यायला लागलं. प्रत्येक खटबरोबर आवाज थोडा वर यायचा. शेवटी अगदी स्वच्छ झाला. मग त्या बाईला नीट ऐकू आलं."

एवढं माहीत असून तिने ओन्नीला दारातून परत पाठवलं, हे मला कळत नव्हतं. कदाचित एवढं माहीत होतं म्हणूनच.

रविवार आला. शेडमध्ये दिवा नव्हता. गेलचा आवाज तसाच बारीक.

मी कंपनीच्या माणसाला फोन केला. त्याने मला ते समजावलं जे मला आधी माहीत असायला हवं होतं. तुमच्या जुन्या तारेवर दोन वाटा असतात, तो म्हणाला. बाहेरून घरात येणारी रुंद. घरातून बाहेर जाणारी अरुंद, अगदी पाऊलवाट. मॅच येते ती रुंद वाटेने, तिने एवढं बिघडणार नाही. घरातून कोण काय बाहेर पाठवतंय ते बघा. चित्र पाठवणारं काहीतरी असेल. बाहेरची वाट तुंबली की आत येणारंही अडखळतं.

मी मुम्मूला हे सांगितलं. ओन्नी नव्हता, हेही सांगितलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "रविवारी आणखी एक जण असतं," ती म्हणाली. "तू."

मी हसले. ती हसत नव्हती.

"गेल तुला कळवत असते. चौकट कुठे ठेवायची ते तुला कळवलं. मला नाही."

त्यानंतर दारात शिरले की फोन तिच्याकडे द्यायचा. ती तो पावाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची, झाकण लावायची आणि डबा माझ्याच मोटारीत नेऊन ठेवायला लावायची. मला वाईट वाटलं. रागही आला. तरी मी जात राहिले, कारण मिनियापोलिसची ती खोली आता बोलण्यात रोज येत होती. माझा फोन डब्यात गेला आणि आवाज बारीकच राहिला. तेव्हा मुम्मूने मला निसूचा जाड तुकडा कापून दिला. माफीबिफी काही नाही. लोणी मात्र दोन्ही बाजूंना लावलं होतं.

बर्फ पडायला लागला. ओन्नी नांगर घेऊन यायचा, रस्ता साफ करायचा, पण फाटकापर्यंतच. पूर्वी दारापर्यंत करायचा.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा रविवार. गेलचा चेहरा आला, अडकला, पुन्हा आला. ती थकलेली दिसत होती.

"आई, हे पुरे झालं. तिथे काहीच चालत नाही. उद्या तुला काही झालं तर मला कळणारसुद्धा नाही. डिसेंबरपासून खोली..."

इथे ती थांबली, तोंड उघडं.

मुम्मूने टेबलावर दोन्ही हात ठेवले. "गेल, बोलत राहा," ती म्हणाली. "थांबू नकोस."

"काय बोलू?"

"निसू कसा करायचा ते सांग. पहिल्यापासून."

गेलला वाटलं असेल, आईचं डोकं ठिकाणावर नाही. मलाही क्षणभर वाटलं. पण गेल सांगायला लागली, तुटक तुटक, दूध कोमट करायचं, यीस्ट. मुम्मू उठली. पहिल्यांदाच कॉल चालू असताना उठली. काठीही घेतली नाही. भिंत धरून ती एकेका प्लगपाशी जायला लागली.

रेडिओचा प्लग काढला. थांबून ऐकलं. गेल तशीच तुटक. घड्याळाचा काढला. मी म्हटलं, मुम्मू, घड्याळाचा काही संबंध नाही. तिने मला हाताने गप्प केलं. फ्रिजचा काढला. फ्रिजची घरघर थांबली आणि स्वयंपाकघरात नुसता गेलचा आवाज राहिला, विहिरीतून आल्यासारखा. साखर. अंडी. मिठाचं काहीतरी.

मग मुम्मू चौकटीपाशी आली. चौकटीत तिची सगळ्यात धाकटी नात पोहण्याच्या कपड्यांत उभी होती. मुम्मूने तिच्या मागचा प्लग काढला.

"...वेलदोडे जाडसर कुटायचे, पूड नाही करायची," गेल म्हणाली. प्रत्येक अक्षर स्वच्छ. जणू टेबलाच्या पलीकडे बसली आहे.

आणि ती थांबली. या वेळी चित्र अडकलं नव्हतं. पापण्या हलत होत्या. तिची नजर आमच्यावरून निघून बाजूला गेली, तिच्या टेबलावरच्या दुसऱ्या कशावर तरी. तिथून ती परत आली नाही.

मुम्मू टॅब्लेटकडे आली. खाली वाकून तिने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"गेल," ती म्हणाली, "तुझ्याकडचं काय बंद पडलं?"

"काही नाही."

मुम्मूने परत जाऊन प्लग लावला. चौकटीत नात आली. थोड्या वेळाने गेल अडकली. मुम्मूने प्लग काढला. गेल सुटली. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती.

चौकटीच्या वरच्या कडेला एक काळा ठिपका होता. चौकट लावताना मी तो पाहिला होता. उजेड मोजत असेल, असं वाटलं होतं. तो कॅमेरा होता. ती चौकट माझ्या हाताने मी तिथे ठेवली होती, चुलीसमोर, जेवायच्या टेबलाकडे तोंड करून. मी खुर्चीवर बसून राहिले.

गेल रडत होती. ती म्हणाली, तू मला फक्त चेहरा दाखवतेस, आई. स्वेटर घालून बसतेस. मला तुला चालताना बघायचं होतं. कॉल जरा अडकला की मी चौकटीतून बघायचे, म्हणजे तू आहेस एवढं तरी कळायचं. मग कॉल आणखी अडकायचा, ते मला कुठे माहीत होतं.

मुम्मूने चौकटीकडे वळून पाहिलं.

"दोन आठवड्यांपूर्वी तू पडलीस," गेल म्हणाली. "चुलीपाशी. कितीतरी वेळ जमिनीवर बसून होतीस. मग टेबलाचा पाय धरून उठलीस. मी सगळं बघितलं. रविवारी मी विचारलं, कशी आहेस. तू म्हणालीस, उत्तम."

मला हे माहीत नव्हतं. त्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. मलाही तिने उत्तमच सांगितलं होतं.

फ्रिज बंद होता. घड्याळ बंद होतं. मुम्मू खुर्चीवर बसली.

"मी फळीवर होते तेव्हा लाइनवर आले की सांगायचे," ती म्हणाली. "मी आहे, असं. तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू चौकट ठेवली असतीस?"

"नसती."

मग मुम्मू म्हणाली, "पण पडले ते सांगायला हवं होतं."

त्यानंतर दोघी बराच वेळ बोलल्या. आवाज स्वच्छ होता. मी बाहेर जाऊन लाकडं आत आणत राहिले, गरज नसताना. परत आले तेव्हा ठरलं होतं. चौकट राहील. पण गेलने ती उघडली की आधी बोलायचं, मोठ्याने. रविवारच्या कॉलला प्लग काढलेला असेल. पडलं झडलं तर त्याच दिवशी कळवायचं. डिसेंबरची खोली गेल सोडून देणार होती. वसंतात पुन्हा बघू, असं ती म्हणाली. मुम्मू म्हणाली, वसंतात तू ये आणि बघ.

मग तिने माझ्याकडून पासवर्ड पुन्हा बदलून घेतला.

शनिवारी तिने दुपारपासून सौना पेटवली. बर्चची कोरडी लाकडं, धूर सरळ वर. ती खिडकीत बसून राहिली. मी विचारलं, ओन्नीला सांगून येऊ का. ती म्हणाली, धूर काय आंधळ्यासाठी आहे?

आम्ही दोघी वाफ घेऊन आलो. कुणी आलं नाही. मुम्मूने निसू कापला, परत झाकून ठेवला. अंधारायला लागलं तेव्हा नांगराचा आवाज आला. ट्रक फाटकाशी थांबला. मग पुढे सरकला आणि दारापर्यंत बर्फ काढत आला. ओन्नी उतरला तेव्हा त्याच्या काखेत टॉवेल होता. तो आमच्याकडे न बघता तडक सौनाकडे गेला.

वाफ घेऊन लालबुंद होऊन तो टेबलाशी आला, बनियनवर, टॉवेल गळ्यात. मुम्मूने कॉफी ओतली. तिने माफी मागितली नाही आणि त्यानेही ती मागितली नाही.

"पासवर्ड बदललाय," मुम्मू म्हणाली.

ओन्नी निसू बुडवत राहिला.

"तुझ्या घरची घंटा."

त्याचा हात थांबला. कॉफीत बुडवलेला पाव मऊ होऊन कपात पडला, तरी त्याचं लक्ष नव्हतं. मग तो म्हणाला, "मध्ये जागा सोडायची?"

"नाही."

त्याने मान हलवली. चमच्याने पाव काढून खाल्ला.

तेवढ्यात फळीवरच्या चौकटीतून आवाज आला, "आई, मी आहे."

ओन्नी दचकला. टॉवेल छातीवर ओढून त्याने खोलीभर पाहिलं, मग माझ्याकडे. "कोण आहे?"

"गेल," मुम्मू म्हणाली. "बघतेय. निदान सांगते तरी."

ओन्नीने चौकटीकडे संशयाने बघत खुर्ची थोडी बाजूला घेतली. कॉफी संपली होती. मुम्मू उठली. चुलीमागे हात घालून तिने काठी काढली आणि चौकटीच्या समोरून, टेकत टेकत, किटली आणायला गेली.